लोकरीच्या जटा घरी रंगवताना : रंग भडक हवा, चिखल नको

रंगाची डबी उघडण्याआधी एक काडी पेटवा. आणलेल्या लोकरीचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. केस जळल्याचा वास आला, ज्योत बाजूला घेताच तुकडा विझत गेला आणि उरलेली राख बोटांत चुरगळली, तर लोकर खरी. प्लॅस्टिक जळल्यासारखा वास येऊन टोकाला काळा टणक मणी जमला, तर ते ॲक्रिलिक. आपल्याकडे स्वेटरसाठी ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात त्यांतले बरेचसे ॲक्रिलिकचेच असतात. विणायला ते उत्तम, पण खाली दिलेला एकही रंग त्यांना चढत नाही. मी पहिल्या खेपेला अर्धा किलो असला माल रंगात उकळला. दोन तासांनी रंग पातेल्यात जसाच्या तसा आणि गुंडे पांढरेफटक.

हा लेख लोकरीच्या जटांबद्दल आहे, म्हणजे ज्यांना बाहेर ‘वूल ड्रेड्स’ म्हणतात त्या केसांत गुंफायच्या रंगीत दोऱ्यांबद्दल. कल्पना आपल्याला परकी नाही. आजीच्या पेटीतलं गंगावन काय किंवा पंजाबी बायकांचा परांदा काय, उसने केस वेणीत मिसळायची हौस जुनीच आहे. या जटा मात्र युरोप-अमेरिकेतल्या संगीत महोत्सवांच्या आणि ट्रान्स संगीताच्या पार्ट्यांच्या वाटेने आल्या. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या गोव्यात, हरमलच्या किनाऱ्यावर. संध्याकाळी जेंबे, म्हणजे आफ्रिकी ढोल, वाजत होते आणि एका बाईच्या डोक्यावर मुळाशी जांभळ्या, मध्ये गुलाबी आणि टोकांना केशरी अशा तीसचाळीस जटा हलत होत्या. घरी येऊन तशाच करायला गेले तर झाला शेणाचा रंग. का झाला, ते पुढे येईलच.

‘जट’ या शब्दाबद्दल एक खुलासा करते. आपल्याकडे जट आली म्हणून कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं तो भार वागवायला लावला गेला, मुलींना देवाला सोडलं गेलं, आणि त्या जटा सोडवण्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही गावोगावी फिरतात. म्हणून आमच्या घरी हा शब्द सहज उच्चारला जात नाही. पहिल्यांदा या जटा घालून गेले तेव्हा मावशीने दारातच विचारलं, ‘काय गं, कोणाचं वारं आलं?’ या जटा संध्याकाळी काढून ठेवता येतात, हे तिला काढून दाखवावं लागलं.

लोकर कुठली घ्यायची

सूत नको, पेळू हवा. पिंजून, विंचरून, तंतू एका दिशेला लावलेला हा जाडजूड पट्टा ‘टॉप’ किंवा ‘रोव्हिंग’ या नावाने हस्तकलेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मऊ असते, मानेला टोचत नाही, पण जट घट्ट व्हायला वेळ घेते. कॉरिडेल मेंढीची थोडी राकट, मात्र भरभर वळते आणि आकार धरून ठेवते. पहिल्या वेळी कॉरिडेल घ्या. बिकानेरकडची चोकला मेंढी पांढऱ्या लोकरीसाठी नावाजलेली आहे. ती धुतलेली आणि पिंजलेली मिळाली तर तीही चालते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मला घोंगडीत फार आवडते, पण ती बहुतेक काळी-करडी आणि चरचरीत. काळ्यावर भडक रंग दिसणार नाही आणि ती मानेवर सहनही होणार नाही.

लेबलवर ‘सुपरवॉश’ लिहिलेलं असेल तर पाकीट परत ठेवा. लोकरीच्या तंतूवर माशासारखी खवलं असतात. ती एकमेकांत अडकली की लोकर आटते आणि जट वळते. सुपरवॉशमध्ये नेमकी ती खवलं बोथट केलेली असतात. तिला रंग झकास चढतो, जट मात्र आयुष्यात वळत नाही.

किती घ्यायची? पूर्ण डोक्यासाठी मी ४० दुटोकी जटा करते. दुटोकी म्हणजे मधोमध दुमडून केसांत अडकवायची आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारी. वळताना लोकर लांबीत पाव ते एक तृतीयांश आटते, म्हणून ९० सेंटिमीटरच्या जटेसाठी १३० सेंटिमीटरचा पट्टा लागतो. माझा पेळू मीटरला साधारण २५ ग्रॅम भरतो. १३० सेंटिमीटरचे आठ तुकडे केले की २६० ग्रॅम होतात, आणि प्रत्येक तुकडा उभा पाचात फाडला की चाळीस जटा. तुकडे कात्रीने कापायचे नाहीत. दोन हात वीतभर अंतरावर धरून ओढायचं, पेळू आपोआप सुटतो. कात्रीचं बोथट टोक जटेत शेवटपर्यंत दिसत राहतं. चाचणीसाठी ३०-४० ग्रॅम जास्तीची घ्या. आणि वजन कोरड्या दिवशी करा. लोकर हवेतला दमटपणा भरपूर शोषते आणि तरी हाताला कोरडीच लागते, त्यामुळे कोकणातल्या जुलैमध्ये वजनकाटा खोटं बोलतो.

रंग कुठला

लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच केराटिन. आंबट पाण्यात या प्रथिनावर धनभार येतो, ॲसिड डायच्या रेणूवर ऋणभार असतो, आणि उष्णता मिळाली की दोघं घट्ट चिकटतात. म्हणजे हवं काय, तर रंग, आंबटपणा आणि आच. नाव ऐकून घाबरू नका, ‘ॲसिड डाय’मधलं ॲसिड म्हणजे आपला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, अर्थात लिंबूफूल. किराणा दुकानात मिळणाऱ्या कपडे रंगवायच्या पुड्या सहसा सुतीसाठी असतात, त्यांच्या नादी लागू नका.

लोकर-रेशमासाठीचे ॲसिड डाय पावडरीत मिळतात. तीनच घ्या: लिंबी पिवळा, राणी आणि फिरोजी. लाल आणि गडद निळा घेण्याचा मोह टाळा. लाल-पिवळ्यातून केशरी झकास होतो, पण लाल-निळ्यातून जांभळ्याऐवजी वांगी होतो. राणी आणि फिरोजीतून येणारा जांभळा खरा झळाळतो.

ॲसिड डाय मिळाला नाही तर खाण्याचे रंग वापरा. ही पळवाट नाही, रसायनाच्या हिशेबाने त्यांतले बरेचसे ॲसिड डायच आहेत. डबीवरची बारीक अक्षरं मात्र वाचा. टार्ट्राझिन हा पिवळा, सनसेट येलो हा केशरी, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे लाल, ब्रिलियंट ब्लू हा निळा, हे लोकरीवर चांगले बसतात. एरिथ्रोसिन हा गुलाबी दिसायला सुरेख, पण आंबट पाण्यात विरघळत नाही, गाळासारखा खाली बसतो, आणि उन्हात उडतोही. तयार जांभळा, चॉकलेटी किंवा काळा रंग घेऊ नका. ती मिश्रणं असतात. त्यातला लाल आधी लोकर पकडतो, निळा मागे राहतो, आणि पट्टा मध्येच लाल, मध्येच निळा असा फुटतो. शिवाय डबीतल्या पावडरीत नुसता रंग नसतो, भरही असते. त्यामुळे ॲसिड डायपेक्षा प्रमाण बरंच वाढवावं लागतं. किती, ते चाचणी तुकड्यावर ठरवा.

सुटा, बिननावाचा झगझगीत गुलाबी मात्र आणू नका. तो बऱ्याचदा ऱ्होडामिन बी, म्हणजे खाण्यात बंदी असलेला कारखानी रंग, असतो. ‘म्हातारीच्या केसां’त तोच सापडला म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने ती मिठाई बंद केली. लोकरीवर तो वेड लावणारा दिसतो हे मान्य, पण दिवसभर घामेजल्या मानेला घासणाऱ्या वस्तूवर नको. होळीचे उरलेले रंगही नकोत.

हळद? लोकर हळद आनंदाने पिते, पण पुढे जट वळताना साबण लागतो आणि साबणात हळद लाल होते, हे कुंकवाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. व्हिनेगरमध्ये बुडवली की परत पिवळी होते खरी, पण चार दिवसांच्या उन्हात फिकटते. एवढ्या मेहनतीनंतर ते दुःख कशाला?

मापं

सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या, चारपाचशे रुपयांत मिळतो. १ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर गरम पाण्यात नीट विरघळवा. हा झाला मूळ रंग. पावडर मोजताना मास्क लावा, पंखा बंद करा. उडालेला एक कण महिनाभराने ओल्या फरशीवर गुलाबी डाग होऊन उगवतो.

हिशेब सोपा आहे: जेवढे ग्रॅम लोकर, तेवढे मिलिलिटर मूळ रंग. ६५ ग्रॅम लोकरीला सगळे रंग मिळून ६५ मिलिलिटर. यात भरदार, भडक छटा येते. फिकी हवी असेल तर त्याच रंगात चौपट पाणी घाला, पण लोकरीवर ओतायचं एकूण पाणी वाढवू नका.

निळा दादा आहे, तो पिवळ्याला चिरडतो. पोपटीसाठी मी १० भाग पिवळ्यात १ भाग फिरोजीने सुरुवात करते, मोरपिशीसाठी हेच उलट, म्हणजे फिरोजी भरपूर आणि पिवळा नावापुरता. केशरीला ५ भाग पिवळा आणि १ भाग राणी. जांभळ्याला ३ भाग राणी आणि १ भाग फिरोजी. रंग बाटलीत कसा दिसतो यावर जाऊ नका, बाटलीत सगळेच काळपट दिसतात. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकून बघा.

औषधाच्या सिरिंज (सुईशिवाय) मोजायला आणि रंग टाकायला दोन्हीला चालतात. भांडी स्टीलची घ्या, आंबटात ॲल्युमिनियम नको. ॲसिड डाय वापरणार असाल तर पातेलं, चमचे, वाफवायचं भांडं सगळं वेगळं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही. माझं कुकरचं जुनं पातेलं आता बाल्कनीत राहतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘रंग’ लिहिलंय, कारण एकदा त्यात कोणीतरी अंडी उकडायला टाकली होती.

भिजवणं

कोरड्या लोकरीवर रंग टाकला तर तो वरच्यावर राहतो आणि आतून पांढरे डाग निघतात. पेळूचा प्रत्येक तुकडा तीनचार ठिकाणी जाड सुती दोऱ्याने सैल बांधा. हा दोरा पांढराच राहतो, सुताला हे रंग धरत नाहीत, त्यामुळे नंतर शोधायला सोपा. कोमट पाण्यात लोकरीसाठीच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून तुकडे वरून अलगद ठेवा. दाबून बुडवू नका, ते आपोआप पाणी पितात. तासाभराने पाणी ओता, ३ लिटर कोमट पाण्यात १५ ग्रॅम लिंबूफूल विरघळवून त्यात आणखी अर्धा तास ठेवा. रंगाच्या पाण्यातही दर १०० मिलिलिटरला २ ग्रॅम लिंबूफूल घाला. व्हिनेगर असेल तर ते ४ टक्क्यांचं, १०० ग्रॅम लोकरीला १०० मिलिलिटर. मी लिंबूफूलच वापरते. स्वस्त पडतं, घरभर वास येत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमलाही ते बांधून ठेवतं.

नंतर लोकर दोन तळव्यांत दाबून पाणी काढा. पिळायचं नाही. हातात घेतल्यावर थेंब गळणं थांबलं पाहिजे, पण ओल जाणवली पाहिजे.

अळुवडीची पद्धत

आता मजेचा भाग. टेबलावर क्लिंग फिल्मचे दोन रुंद पट्टे एकमेकांवर थोडे चढवून अंथरा. त्यावर पेळूचे दोन तुकडे शेजारी शेजारी, पण सरळ न ठेवता इंग्रजी ‘यू’सारखे वळवून ठेवा. जट दुमडून घालायची असल्यामुळे ‘यू’चा वाकडा भाग डोक्याशी येणार आणि दोन्ही पाय टोकं होणार. असं ठेवलं की दोन्ही टोकांना एकाच हाताने एकसारखा रंग बसतो. सरळ ठेवून दोन टोकं वेगवेगळी रंगवलीत तर एक केशरी आणि एक नारिंगी होते, आणि ते डोक्यावर गेल्यावरच लक्षात येतं.

रंग लावायचा क्रम हा सगळ्या लेखाचा जीव आहे. हरमलच्या त्या बाईसारखं करायला मी पहिल्यांदा जांभळ्याशेजारी थेट पिवळा ठेवला होता. ओल्या लोकरीत रंग सरकतात, कडा एकमेकींत घुसतात. जांभळ्यात राणी आणि फिरोजी असतातच, त्यात पिवळा शिरला की तिन्ही मूळ रंग एकत्र आले, आणि तिन्ही एकत्र आले की चिखल. म्हणून ओल्यात फक्त दोनच मूळ रंग भेटू द्यायचे. राणीशेजारी पिवळा, मध्ये आपोआप केशरी. पिवळ्याशेजारी फिरोजी, मध्ये पोपटी. फिरोजीशेजारी राणी, मध्ये जांभळा. या तीन जोड्यांत चिखल होऊच शकत नाही. केशरीला निळा किंवा पोपटीला राणी भेटवायची हौस असेल तर ती कोरड्यात भागवायची, ते पुढे सांगते.

तर, वाकड्या भागावर फिरोजी, मग दोन बोटं पांढरी जागा सोडून राणी, परत दोन बोटं सोडून टोकांना पिवळा. रंग टाकल्यावर हातमोजा घातलेल्या बोटांनी वरून दाबा. चोळू नका, नुसतं दाबायचं. इडलीचं पीठ फुगलंय का बघताना बोट टेकवतो तेवढाच जोर. दाबलं की रंग खालपर्यंत जातो आणि सोडलेली पांढरी जागा दोन्हीकडून भरत येते. एक कोपरा उचलून खालची बाजू बघा, तिथे पांढरं हटकून राहिलेलं असतं. कडेला रंगाचं तळं साचलं तर टिश्यूने टिपून घ्या. ते तळंच वाफवताना वाहत जाऊन दुसऱ्या रंगात घुसतं.

फिल्मच्या दोन्ही बाजू वर दुमडा आणि एका टोकापासून गुंडाळत जा, अळुवडीचा उंडा करतो तसा. फरक एवढाच की प्रत्येक वळणात लोकरीचे थर फिल्मने वेगळे राहायला हवेत, नाहीतर पिवळं टोक फिरोजी मुळाला चिकटेल. उंडा मोदकपात्रातल्या चाळणीवर ठेवा, पाण्याला टेकता कामा नये. जोराची वाफ यायला लागल्यापासून ४० मिनिटं मध्यम आच. मधून पाणी बघा, भांडं कोरडं पडलं तर फिल्म वितळून लोकरीला चिकटते.

मग गॅस बंद करा आणि निघून जा. खरंच, घराबाहेर जा. कारण याच वेळी उंडा उघडून बघायची खाज सुटते. लोकरीला सगळ्यात वाईट काय, तर अचानक गारठा आणि हलवाहलव. डिसेंबरातल्या एका रात्री मी वाफाळती लोकर थेट नळाखाली धरली. गार पाणी पडताच हातात ती आक्रसल्याची जाणीव झाली, नुसती दिसली नाही, चक्क जाणवली, मूठ कोणी आतून आवळावी तशी. सकाळी तिचा पाव इंच जाडीचा गुलाबी-निळा नमदा, म्हणजे घट्ट आटलेला लोकरीचा तुकडा, झाला होता. कढई ठेवायला अजून वापरते.

सकाळी उंडा उघडा आणि कोपऱ्यातून एक थेंब पांढऱ्या बशीत पिळा. पाणी स्वच्छ आलं तर रंग पूर्ण बसला. रंगीत आलं तर थोडं लिंबूफुलाचं पाणी शिंपडून आणखी २० मिनिटं वाफ द्या. राणी आणि फिरोजीला कधीकधी ही दुसरी फेरी लागते, पिवळ्याला सहसा नाही.

धुवायचं खोलीच्या तापमानाच्या पाण्यात, बादलीत बुडवून, नळाच्या धारेखाली नाही. दोनतीन पाण्यांनंतर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत जाळीवर आडवी पसरा. पावसाळ्यात पंख्याखाली दोनतीन दिवस जातात. ओली गुंडाळून ठेवलीत तर कुबट वास धरते.

(एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा हव्या असतील तर पातेलं सोपं. कोमट रंगपाण्यात भिजवलेला तुकडा सोडा, आच हळूहळू वाढवत ८५ ते ९० अंशांवर आणा, उकळी फुटू देऊ नका. टोकं आधी बुडवा आणि दर दहा मिनिटांनी थोडा थोडा भाग खाली सोडा. शेवटी पाणी जवळपास नितळ होतं.)

कोरड्यात रंग मिसळणं

लोक पातेल्यात सगळं करायला बघतात आणि इथे कंटाळा करतात. माझ्या मते जटांचा खरा झगमगाट इथे येतो. पैठणीची धूपछाँव आठवा. ताण्याचा एक रंग, बाण्याचा दुसरा, कुठेच रंग विरघळलेला नाही, तरी पदर हलला की तिसराच रंग खेळतो. लोकरीतही तसंच आहे. तंतू आपापला रंग राखून शेजारी बसतात आणि मिसळायचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो. त्यामुळे ओल्यात ज्या जोड्या चिखल होतात त्या इथे चालतात.

पद्धत अशी: दोन रंगांचे वीतभर झुपके घ्या, एकावर एक ठेवा, दोन्ही टोकांना धरून ओढून वेगळे करा, परत एकावर एक ठेवा, परत ओढा. तीनचार वेळा ओढलं की दोन्ही रंगांच्या स्पष्ट रेषा राहतात. आठदहा वेळा ओढलं की जवळून दोन आणि लांबून एक रंग दिसतो. त्यापुढे गेलात आणि जोडी विरुद्ध रंगांची असेल, तर कोरड्यातही राखाडी होते. म्हणून राणी-पोपटीला तिसऱ्या-चौथ्या ओढीनंतर हात आवरायचा. राणी-केशरी किंवा फिरोजी-पोपटी कितीही ओढा, बिघडत नाहीत.

कुत्र्याचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश मिळतात, ते पिंजायला छान चालतात. एकावर लोकर लावायची, दुसऱ्याने हलकेच ओढायची, दात दातांना खरडता कामा नयेत. चिमूटभर पांढरी लोकर मिसळली की रंग मवाळ न होता उजळतो, हे मला बरंच उशिरा कळलं. चिमूटभर काळी मिसळली की शेजारचा भडक रंग उठून दिसतो, पण ती प्रत्येक जटेत नको. चाळिसात पाचसहा पुरेत.

मिसळलेले झुपके मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर अर्धे चढवत १३० सेंटिमीटरच्या पट्ट्यावर मांडा. आत साधा पांढरा पट्टा आणि बाहेर रंगीत झुपके अशी जट केली तर रंगवलेली लोकर वाचते. फक्त बाहेरचा थर दाट लावा, नाहीतर वळल्यावर पांढरं डोकावतं.

वळणं आणि तपासणं

वळण्याबद्दल थोडक्यातच. बबल रॅपवर पट्टा ठेवा, साबणाचं गरम पाणी शिंपडा, पहिली दोन मिनिटं नुसत्या तळहाताच्या वजनाने मागेपुढे फिरवा, लाटण्याशिवाय पोळी लाटल्यासारखं. पृष्ठभाग धरला की जोर वाढवत न्या. सुरुवातीलाच दाबलंत तर जट चपटी होते आणि तिला भेग पडते. तयार जट वाकवली की रबरासारखी परत सरळ होते. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका. रंग परत घट्ट बसतो आणि लोकर चमकते.

फेस गुलाबी झाला तर घाबरू नका, थोडा रंग सुटतो. पण वाळल्यावर चाचणी घ्याच. पांढरा सुती रुमाल कोमट पाण्यात भिजवून जटेभोवती आवळा आणि वीस वेळा घासा. रुमाल पांढरा राहिला तर जट डोक्यावर जाऊ दे. डाग पडला तर ती सगळी जुडी लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवून पुन्हा वाफवा, वळलेली जटही वाफवता येते. माझ्या एका मैत्रिणीने ही पायरी गाळून संगीताच्या रात्री जटा घातल्या. मे महिना होता, बंद हॉल होता, आणि नाचून झाल्यावर तिच्या हस्तिदंती ब्लाउजच्या पाठीला राणी रंगाची झालर लागली होती.

घालताना केसांचा छोटा भाग जटेच्या मधल्या दुमडीतून ओवून तिच्या दोन पायांसोबत तीनपेडी वेणी घाला आणि खाली रबर लावा. सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका, केस मुळाशी ओढले जातात. ऑफिसला जाणाऱ्यांनी वीस-वीस जटा रुंद इलॅस्टिकवर ओवून दोन गोंडे करावेत. अंबाड्याभोवती बांधायचे, रात्री काढायचे. पावसात भिजायचं टाळा. ओल्या लोकरीचं वजन मानेला कळतं.

ठेवताना कसरीची काळजी घ्या. लोकरीला कसर लागली की जटेला आतून भोकं पडतात. डांबराच्या गोळ्या मी टाकत नाही, तो वास डोक्यावर घेऊन कोण फिरणार? पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत घालून तीनचार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग कापडी पिशवीत कडुलिंबाच्या पाल्यासोबत. रंगवताना-पिंजताना उरलेला कचराही फेकत नाही. सगळ्या रंगांचे ते तुकडे एकत्र ओढले की मळकट करडा रंग होतो, बाहेर लावायला निरुपयोगी, पण पुढच्या खेपेच्या गडद जटांच्या पोटात घालायला अगदी बरोबर.